मासिकवाल्यांनी वीण बदलून छापली, मग बाईंनी स्वतःच छापायला सुरुवात केली

दिवाळी सरली, सकाळी जरा गारवा जाणवायला लागला की इन्स्टाग्रामवर एक ठरलेला रील फिरायला लागतो. टेबलावर कॉफीचा मग, शेजारी लोकरीचा गुंडा आणि दोन सुयांवरून हळूहळू खाली उतरणारा जाडजूड मफलर. त्या मफलरवर वेण्या घातल्यासारखी नक्षी असते, मध्येच दाणेदार उठाव असतात. बघताना वाटतं, यात काय अवघड आहे?

मग आपण लोकर आणतो, नेटवरून पॅटर्न उतरवून घेतो आणि बसतो. कागदावर लिहिलेलं असतं, अमुक इतके टाके घाला. आपण घालतो. एक वीतभर विणून झाल्यावर कळतं की फोटोतला मफलर आठ इंच रुंद आहे आणि आपला अकरा इंच झालाय. सगळं उसवायचं, परत तेवढेच टाके घालायचे, परत तोच घोळ.

विणणारी व्यक्ती अशा वेळी शक्यतो स्वतःलाच दोष देते. आपला हातच बरोबर नाही, असं म्हणून सुया कपाटात जातात त्या जातातच.

अमेरिकेतल्या एका बाईंनी आयुष्याची चाळीसेक वर्षं याच समजुतीशी भांडण्यात घालवली. त्यांचं नाव एलिझाबेथ झिमरमन. हाताने विणणाऱ्यांच्या जगात हे नाव फार आदराने घेतलं जातं. जगभरातले विणणारे त्यांना नुसत्या ईझी या आद्याक्षरांनी ओळखतात. मराठीत मात्र त्यांच्याबद्दल फारसं वाचायला मिळत नाही.

तर गोष्ट सुरू होते लंडनमध्ये.

९ ऑगस्ट १९१० रोजी लंडनच्या मेडा व्हेल भागात एलिझाबेथ लॉइड-जोन्स यांचा जन्म झाला. वडील ब्रिटिश नौदलात अधिकारी. त्या काळच्या इंग्लिश घरातल्या मुलींना विणकाम यायचंच, तसं यांनाही आलं. आई आणि मावश्या-आत्यांनी शिकवलं ते इंग्लिश पद्धतीने. म्हणजे लोकर उजव्या हातात धरायची आणि प्रत्येक टाक्याला तो धागा सुईवरून फिरवून टाकायचा. पुढे घरात सांभाळायला आलेल्या स्विस बाईकडून त्यांनी दुसरी पद्धत उचलली. यात लोकर डाव्या हाताच्या बोटावर ताणलेली असते आणि उजवी सुई तो धागा नुसता टिपून घेते. हात फार हलत नाही, काम भराभर होतं. या पद्धतीला कॉन्टिनेंटल म्हणतात.

लोकर कुठल्या हातात धरायची, यात कसलं राजकारण, असं वाटेल. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लिश बोलणाऱ्या देशांत ही डाव्या हाताची पद्धत मागे पडली, कारण ती जर्मन मानली जायची. अमेरिकेत ती परत रुजवण्याचं श्रेय पुढे याच बाईंना दिलं गेलं. टीव्हीवर, पुस्तकांत, शिबिरांत त्या तशाच विणायच्या.

एलिझाबेथ चित्रकला शिकायला आधी स्वित्झर्लंडमधल्या लोझानला आणि मग जर्मनीतल्या म्युनिकला गेल्या. तिथे त्यांची ओळख झाली आर्नोल्ड झिमरमन यांच्याशी. आर्नोल्ड बिअर बनवण्याच्या धंद्यातले. म्युनिकमध्ये ही काही नवलाची गोष्ट नव्हती. पण काळ हिटलरचा होता. आर्नोल्ड हिटलरबद्दल काहीतरी वाकडं बोलले आणि ते गेस्टापोच्या कानावर गेलं. गेस्टापो म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस. त्यानंतर जर्मनीत राहणं म्हणजे जिवाशी खेळ होता. ते देश सोडून निघाले. १९३७ मध्ये दोघांनी इंग्लंडमध्ये लग्न केलं आणि लगेच अमेरिका गाठली.

नवा देश, जर्मन आडनाव, पदरात तीन मुलं आणि नवऱ्याच्या नोकरीप्रमाणे बदलणारी गावं. ही वर्षं धावपळीची होती. शेवटी कुटुंब उत्तरेकडच्या विस्कॉन्सिन राज्यात स्थिरावलं. हे राज्य बिअरसाठी आणि हाडं गोठवणाऱ्या थंडीसाठी प्रसिद्ध, त्यामुळे नवरा-बायको दोघांचंही तिथे जमलं. तिथेच त्यांनी गावाकडची एक जुनी शाळा विकत घेतली आणि तिचं घर केलं. या शाळेचं नाव पुढे कामाला येणार होतं.

एलिझाबेथ घरी स्वेटर विणायच्या आणि त्याचे नमुने मासिकांना आणि लोकर कंपन्यांना विकायच्या. घरबसल्या दोन पैसे मिळायचे. आणि इथेच ठिणगी पडली.

काय झालं ते कळायला आधी विणकामाची थोडी माहिती हवी. ज्यांना येतं त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालतील.

विणकामात टाके दोनच, सुलट आणि उलट. खरं तर टाका एकच, तो पुढून बघितला की सुलट आणि मागून बघितला की उलट. आपण दोन सुयांवर विणतो तेव्हा ओळ संपली की काम फिरवतो आणि परत येतो. म्हणजे एक ओळ पुढच्या बाजूने आणि एक मागच्या बाजूने. जाताना सुलट आणि येताना उलट विणलं की पुढून गुळगुळीत कापड तयार होतं. अशा पद्धतीने स्वेटर करायचा तर पुढचा भाग, पाठ आणि दोन बाह्या असे चार सपाट तुकडे विणायचे आणि शेवटी शिवायचे. हे शिवणकाम भल्याभल्यांना नको असतं. पाठ-पोट विणून तयार असलेले आणि शिवायचे राहिलेले स्वेटर किती घरांत पिशवीत पडून असतील, देव जाणे.

दुसरा मार्ग गोल विणण्याचा. दोन टोकांना सुया आणि मध्ये लवचीक वायर, अशी गोल सुई मिळते. तिच्यावर टाके घालून गोलगोल विणत गेलं की सरळ नळी तयार होते. काम फिरवायचं नाही, पुढची बाजू कायम समोर, गुळगुळीत कापडासाठी फक्त सुलट टाके आणि शिवण जवळजवळ शून्य. रंगीत नक्षी असेल तर हा मार्ग फारच सोयीचा, कारण नक्षी डोळ्यासमोर उमटत जाते. सपाट विणताना निम्म्या ओळी मागच्या बाजूने, म्हणजे नक्षी न बघता काढाव्या लागतात.

एलिझाबेथ यांनी गळ्याभोवती रंगीत नक्षी असलेला एक स्वेटर तयार केला. स्कॉटलंडच्या फेअर आयल बेटाच्या नावाने ओळखली जाते ती ही पद्धत. स्वेटर अर्थातच गोल विणलेला होता आणि सूचनाही तशाच लिहिल्या होत्या. पण छापणाऱ्यांनी त्या परस्पर बदलल्या. वाचकांना सपाट विणायची सवय आहे, असं धरून चालून त्यांनी सगळं तुकड्यांत आणि शिवणींत बसवलं. फोटो त्यांच्या स्वेटरचा आणि शेजारी कृती भलत्याच कुणाची, असा प्रकार झाला.

विणकामाच्या नमुन्यांना तेव्हा काय मान होता, हेही बघायला हवं. घरातल्या बायका करतात ते काम. मासिकात कृती छापून यायची, तिच्यामागे कुणाचं डोकं आहे याची दखल घेतलीच जाईल असं नसायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर एखाद्याचा व्हिडिओ उचलायचा, मधला भाग कापायचा, आवाज बदलायचा आणि आपल्या पेजवर टाकायचा. तक्रार करणार कुणाकडे?

एलिझाबेथबाईंनी तक्रार करण्यात वेळ घालवला नाही. १९५८ मध्ये त्यांनी तोच स्वेटर, त्यांना हवा होता तसाच, स्वतःच्या पत्रकात छापला आणि लोकांना पाठवला. वर्षातून दोन अंक, एक वसंत ऋतूत आणि एक हिवाळ्याच्या तोंडावर. त्यात एखादा नमुना, थोड्या गप्पा, थोडी मतं आणि लोकर कुठून घ्यायची याची माहिती. आज लोक नोकरी सोडून न्यूजलेटर काढतात त्याचं कौतुक होतं. बाईंनी ते पोस्टाच्या पाकिटातून केलं, तेव्हा त्यांचं वय ४८ होतं.

पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, त्यांनी स्वतःचा व्यवसाय सुरू केला. नाव ठेवलं स्कूलहाउस प्रेस, त्या जुन्या शाळेवरून. टपालाने लोकर, गोल सुया आणि विणकामाची पुस्तकं पाठवायची, असा हा धंदा. तेव्हा बाजारात कृत्रिम धाग्यांचा बोलबाला वाढत होता. एलिझाबेथ मात्र खऱ्या मेंढीच्या लोकरीवर ठाम होत्या. या बाबतीत त्या जरा हट्टीच होत्या, आणि ते त्या लपवत नसत.

याच काळात त्यांचा आणखी एक नमुना गाजला आणि त्याचा संबंध थेट त्या रीलमधल्या वेण्यांच्या मफलरशी आहे.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवेच्या समोर, अरान नावाची तीन बेटं आहेत. तिथले पांढुरके, वेण्यांच्या आणि उठावदार नक्षीचे स्वेटर जगभर माहीत आहेत. अमेरिकेत १९५० च्या दशकात त्यांची चर्चा सुरू झाली आणि १९६१ मध्ये क्लॅन्सी ब्रदर्स हे आयरिश गायक तसलेच स्वेटर घालून एड सुलिवनच्या टीव्ही शोमध्ये गायले, तेव्हा मागणी आणखी वाढली. त्याच्या आधीच, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, एलिझाबेथ यांनी व्होगच्या पॅटर्न बुकसाठी अरान स्वेटरचा नमुना तयार करून दिला होता. अमेरिकन मासिकात छापून आलेली अरान स्वेटरची ही पहिली कृती मानली जाते.

अरान स्वेटरबद्दल एक दंतकथा सोशल मीडियावर दर हिवाळ्यात फिरते. ती म्हणजे, तिथल्या प्रत्येक घराण्याची वेगळी वीण होती आणि समुद्रात बुडालेल्या कोळ्याचं प्रेत त्या विणीवरून ओळखलं जायचं. ऐकायला अंगावर काटा येतो, पण असं काही नव्हतं. या नक्षीचे स्वेटर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार व्हायला लागले आणि बेटावरच्या बायका ते विकून घर चालवायला हातभार लावत. प्रेत ओळखण्याच्या गोष्टीचं मूळ जे. एम. सिंज यांच्या १९०४ च्या ‘रायडर्स टू द सी’ या नाटकात सापडतं. आणि त्या नाटकातही स्वेटर नाहीच. बहीण आपल्या बुडालेल्या भावाला ओळखते ती तिने स्वतः विणलेल्या मोज्यावरून, कारण त्यात कुठे टाके सुटलेत ते तिला आठवत असतं.

म्हणजे ओळख पटली ती चुकलेल्या टाक्यांवरून. घराण्याच्या विणीपेक्षा हीच गोष्ट जास्त आतपर्यंत जाते, पण ती कुणी फॉरवर्ड करत नाही.

असो. मुद्दा त्या वेण्यांचा. वेणी घालायची म्हणजे टाक्यांची जागा बदलायची. समजा सहा टाके आहेत. पहिले तीन एका छोट्या जादा सुईवर घेऊन पुढे लोंबते ठेवायचे, पुढचे तीन विणून घ्यायचे, मग ते लोंबते तीन विणायचे. झाली गाठ. ठरावीक ओळींनंतर हेच परत केलं की दोरखंडासारखा पीळ दिसायला लागतो. जादा सुई पुढे ठेवली की पीळ एका बाजूला झुकतो आणि मागे ठेवली की दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडे उलट टाक्यांची पट्टी ठेवली की वेणी कापडातून वर उठते. बघणाऱ्याला जादू वाटते, पण करणाऱ्याला ओळी मोजता आल्या की पुरे.

अडचण इथे येते की एकमेकांवर चढलेले टाके कापड आत ओढून घेतात. तेवढेच टाके, तीच लोकर, तरी वेणीचं कापड साध्या कापडापेक्षा अरुंद होतं. साध्या विणीवर मोजून टाके घातले तर मफलर पट्ट्यासारखा निघणार. म्हणून मोजमाप घ्यायचं ते ज्या विणीत काम करायचं त्याच विणीचा छोटा चौकोन विणून.

झिमरमन बाईंच्या सगळ्या शिकवणुकीची चावी ही एक गोष्ट आहे. माझ्या सुया, माझी लोकर, माझा हात यातून एका इंचात किती टाके बसतात? समजा पाच. मला आठ इंचांचा मफलर हवा. मग टाके ४०. शेजारणीचा हात घट्ट असेल, तिचे इंचात सहा बसत असतील, तर तिने ४८ घालावेत. मफलर दोघींचाही आठ इंचच होणार. कागदावर छापलेला आकडा तो लिहिणाऱ्याच्या हाताचा असतो. तो तुमच्या हाताला लागू पडला तर नशीब.

चौकोन विणायचा बहुतेकांना कंटाळा येतो. त्यावर त्यांचा तोडगा भारी होता. गोल स्वेटर करायचा असेल तर नमुना म्हणून सरळ एक टोपी विणायची. माप कळतं आणि वर टोपी मिळते.

हेच गणित त्यांनी पुढे पूर्ण स्वेटरपर्यंत नेलं. छातीचं माप ४० इंच आणि इंचात पाच टाके, म्हणजे घेर २०० टाक्यांचा. या २०० ला १०० टक्के धरायचं आणि बाकीचा सगळा स्वेटर टक्क्यांत बसवायचा. मनगटाला २० टक्के, म्हणजे ४० टाके. दंडाला साधारण ३३ टक्के, म्हणजे ६६. काखेत ८ टक्के, म्हणजे १६. गळ्याला ४० टक्के, म्हणजे ८०. एक माप आणि एक आकडा एवढ्यावर बाळापासून आजोबांपर्यंत कुणाचाही स्वेटर काढता येतो. याला नाव पडलं एलिझाबेथ्स परसेंटेज सिस्टिम.

सगळ्यांची शरीरं टक्केवारीत चपखल बसत नाहीत, हेही खरं. ज्यांचे दंड जाड किंवा खांदे उतरते, त्यांना हे आकडे थोडे इकडेतिकडे करावे लागतात. पण पॅटर्न हातात घेऊन निमूट टाके घालणाऱ्या बाईला आकडे बदलायचा अधिकार आहे, हे कुणीतरी सांगणं ही त्या काळात मोठी गोष्ट होती.

१९६० च्या दशकात विस्कॉन्सिनच्या सार्वजनिक टीव्हीवर त्यांचा ‘द बिझी निटर’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात त्या एकेक टप्पा करत स्वेटर शिकवायच्या. आज यूट्यूबवर बघून विणायला शिकणाऱ्यांना यात विशेष वाटणार नाही, पण तोवर हे शिक्षण घरातल्या बाईकडून तरी मिळायचं किंवा मासिकातल्या संक्षिप्त खुणांच्या भाषेतून.

त्या खुणांच्या भाषेचा त्यांना मनस्वी तिटकारा. त्यांची कृती म्हणजे पत्र असायचं. आता असं करा, मग तसं करा, इथे थोडा धीर धरा, इथे मांजरीला दूर ठेवा, अशा थाटाचं. ज्यांना ओळीओळीचा हिशेब हवा असतो, त्यांची या गप्पांत पंचाईत होते, ही तक्रार त्यांच्या चाहत्यांचीही आहे.

या तक्रारीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९६८ मधलं. नाव बेबी सरप्राइज जॅकेट. तान्ह्या बाळाचं झबलं म्हणा ना. घालायचे १६० टाके आणि विणायचं सगळं गार्टर विणीत, म्हणजे जाताना सुलट आणि येतानाही सुलट. ठरावीक जागी टाके कमी करायचे, नंतर ठरावीक जागी वाढवायचे. विणून झालं की हातात येतो एक ओबडधोबड, वेडावाकडा तुकडा. त्याला कसलाच आकार नसतो. विणणाऱ्याला वाटतं, झालं, आपली मेहनत पाण्यात. मग तो तुकडा एका विशिष्ट तऱ्हेने दुमडायचा. अचानक समोर बाह्या, कॉलरची जागा, पुढची उघडी बाजू, सगळं हजर. दोन छोट्या शिवणी खांद्यावरून मारल्या आणि बटणं लावली की संपलं.

कागदाची घडी घालून होडी करतो तसा हा विचार आहे. १६० टाक्यांच्या सपाट कापडातून बाळाचं अंग दिसायला चित्रकलेचं शिक्षण कामाला आलं असावं.

गार्टर विणीवर त्यांचा जीव होता, आणि मफलर विणणाऱ्यांनी त्याचं कारण समजून घ्यायला हवं. पहिल्यांदा मफलर करणारे हौसेने गुळगुळीत बाजूचं कापड विणतात आणि ते दोन्ही कडांनी गुंडाळून सुरळी होतं. सुलट बाजूचा आणि उलट बाजूचा ताण सारखा नसतो, म्हणून कापड वळतं. इस्त्री करा, पाण्यात घाला, थोड्या दिवसांनी परत सुरळी. गार्टर विणीत दोन्ही बाजूंना दोन्ही प्रकार आलटून पालटून येतात, ताण सारखा राहतो आणि कापड सपाट पडतं. म्हणूनच वेण्यांच्या मफलरलाही दोन्ही कडांना चार-पाच टाक्यांची अशी पट्टी ठेवतात.

१९७१ मध्ये त्यांचं ‘निटिंग विदाऊट टीअर्स’ आलं. न रडता विणकाम, असं नावच. हे पुस्तक अजूनही विकलं जातं. १९७४ मध्ये ‘निटर्स अल्मनॅक’ आलं. त्यात वर्षाच्या बारा महिन्यांसाठी बारा कामं आहेत. जानेवारीत अरान स्वेटर, कारण बाहेर बर्फ आहे आणि वेण्या मोजत बसायला वेळ आहे. जुलैत शाल, कारण प्रवासात डोकं न लावता विणता येईल असं काहीतरी हवं.

ही जुलैची शाल म्हणजे शाळेतल्या भूमितीचा तास. वर्तुळाची त्रिज्या दुप्पट झाली की परीघही दुप्पट होतो, एवढं एक सूत्र. मध्यभागी ९ टाके घालायचे. एक फेरी विणून टाके दुप्पट, १८. मग तीन फेऱ्या झाल्या की परत दुप्पट, ३६. सहा फेऱ्यांनी ७२, बारा फेऱ्यांनी १४४, चोवीस फेऱ्यांनी २८८, अठ्ठेचाळीस फेऱ्यांनी ५७६. मधल्या फेऱ्यांत काय करायचं ते तुम्ही ठरवा. साधं विणा, जाळी घाला, काहीही करा, शाल गोलच होणार. नाव पाय शॉल. यातला पाय म्हणजे शाळेत २२/७ म्हणून शिकवतात तोच.

इतकं सगळं करूनही त्यांनी यातलं काही आपला शोध आहे असा दावा केला नाही. माणसं शतकानुशतकं विणतायत, कुठेतरी कुणीतरी हे आधीच केलेलं असणार, असं त्यांचं म्हणणं. मग इंग्रजीतल्या शोध या अर्थाच्या शब्दाची मोडतोड करून त्यांनी अनव्हेन्ट असा आपलाच शब्द बनवला. म्हणजे जुनंच परत सापडणं. आपल्या कृतीची मोडतोड झाली म्हणून बाहेर पडलेली बाई मालकी हक्काबद्दल इतकी सैल असावी, हे आधी विचित्र वाटतं. त्यांचा आक्षेप लोकांनी त्यांचं काम बदलण्याला नव्हताच. विणणाऱ्याने वाटेल ते बदलावं. विणणाऱ्याला न विचारता मधल्याने बदलू नये.

१९७४ मध्येच विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या विस्तार विभागातर्फे शेल लेक इथे त्यांचं पहिलं विणकाम शिबिर भरलं. लोक सुया घेऊन आले, दिवसभर विणत बसले आणि पुढच्या वर्षी परत आले. ते शिबिर मग दरवर्षी भरत राहिलं. नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसूनसुद्धा विणणारी ही बाई, तिच्याभोवती माणसं जमली नसती तरच नवल.

१९८१ मध्ये ‘निटिंग वर्कशॉप’ आणि १९८९ मध्ये ‘निटिंग अराउंड’ ही पुस्तकं आली. शेवटच्या पुस्तकात नमुन्यांच्या अधेमधे त्यांनी आपल्या आठवणी पेरल्या आहेत. एका पानावर हातमोज्यांची कृती, तर पुढे लहानपणचं इंग्लंड आणि म्युनिकचे दिवस. आत्मचरित्र म्हणून वेगळं पुस्तक काढायची गरज त्यांना वाटली नाही. ते पुस्तक आलं त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. प्रकाशन आणि शिबिर तोवर मुलगी मेग स्वॉन्सन यांनी हातात घेतलं होतं. मेग स्वतः नामवंत विणकर आणि लेखिका.

३० नोव्हेंबर १९९९ रोजी विस्कॉन्सिनमधल्या मार्शफील्ड इथे वयाच्या ८९ व्या वर्षी एलिझाबेथ झिमरमन यांचं निधन झालं. न्यूयॉर्क टाइम्सने त्यांच्यावर मृत्युलेख छापला. २००५ मध्ये त्यांची १९५८ ते १९६८ मधली सगळी पत्रकं एकत्र करून पुस्तक काढलं गेलं, ‘द ओपिनियनेटेड निटर’ या नावाने. पहिल्या अंकातला तो रंगीत गळ्याचा स्वेटर त्यात आहे, गोल विणायच्या सूचनांसकट.

आणि ते बाळाचं झबलं? २००७ मध्ये विणणाऱ्यांसाठी रॅव्हलरी नावाची वेबसाइट सुरू झाली. तिथे हजारो लोकांनी आपापल्या बेबी सरप्राइज जॅकेटचे फोटो टाकलेत. त्यातल्या कित्येकांनी दोन फोटो टाकलेत. एक त्या वेड्यावाकड्या तुकड्याचा, आणि एक घडी घातल्यानंतरचा.